संध्याकाळपर्यंत बोला, सर

सत्यशीला: नाव विचारायचं नाही आणि कुणाचा नंबर जपून ठेवायचा नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे, ताई. त्यामुळे तुमच्या मिस्टरांशी त्या दिवशी कोण बोललं, ते मी नाही सांगू शकत.

निशा: मला नाव नको बाई. ते शेवटाला काय बोलले, तेवढंच पायजे. पोलिसांनी ह्यांचा मोबाइल मागच्या सोमवारी दिला. चार्ज केला तर त्यात शेवटचा नंबर हा. पंधरा मार्च, रविवार, दुपारी दोन पन्नास. अकरा मिनिटं बोलणं झालंय. मी तो लावला, तर एक बाई म्हणल्या, दारू सोडणाऱ्यांसाठी मदत-फोन, बोला. मग मी पत्ता विचारला.

सत्यशीला: मीच होते ती. पत्ता दिला, कारण मला वाटलं घरात कुणी पिणारं आहे.

निशा: व्हतं.

महिपती: सत्यशीलाबाई, चहा आणलाय. कप दोनच सापडले. तुम्ही दोघी घ्या.

सत्यशीला: ठेवा तिथे, सर. आणि जरा चर्चमध्ये जाऊन पंखे बंद करता का? उपासना संपून तास झाला, अजून फिरतायत. मी बोलते यांच्याशी.

महिपती: यांचं काय काम आहे?

निशा: मी निशा. कात्रजला ऱ्हाते. कर्वेनगरला पोरींच्या हॉस्टेलात पोळ्या लाटते. माझे मिस्टर उत्तरेश्वर तुमच्या ह्या नंबरवर फोन करायचे. मार्चमध्ये बायपासला गाडीखाली गेले.

महिपती: उत्तरेश्वर.

निशा: तुम्ही वळखायचा?

सत्यशीला: सरांना सगळ्यांचीच काळजी असते. हे महिपती साळवे सर. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर इथे फोनवर बसायला लागले. आता नाही बसत. पंखे, सर.

निशा: ते एका सरांचंच नाव घ्यायचे. नाव म्हणजे काय, 'सर' एवढंच. सर असं म्हणले, सर तसं म्हणले. तुम्हीच का ते?

महिपती: फिरू द्या ते पंखे. मी बसतो इथे.

सत्यशीला: सर, आपलं चर्चच्या पाळकसाहेबांसमोर काय ठरलं होतं?

महिपती: ठरलं होतं. ताई, घरी काय सांगायचा तो?

निशा: पुष्कळ सांगायचे. खेड शिवापूरच्या एका कंपनीत प्रेसवर व्हते ते. चौदा वर्षं झाली आम्हाला पुण्यात येऊन, त्यातली नऊ वर्षं दारूत गेली. संक्रांतीच्या आधी बसमध्ये ह्या नंबरचा कागद चिकटवलेला दिसला म्हणून फोन केला, आणि त्या दिवसापासून बंद. मला खरं वाटंना. रोज कामावरून आले की मोरीजवळ उभे राहून फोन लावायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग आत येऊन आम्हाला सांगायचे, तोंड हे एकच दार हाय. दारू तिथूनच आत जाती आणि वंगाळ शब्द तिथूनच बाहेर पडतो. म्हणून पहारेकरी एकच ठेवायचा, पण जागा ठेवायचा. राग आला की पाण्याचा घोट घ्यायचा, गिळायचा न्हाई, तोंडात धरायचा. घोट तोंडात असला की माणसाला बोलता येत न्हाई आणि पिता पण येत न्हाई.

महिपती: हे मी सांगितलेलं.

निशा: आमच्या पोरीनं, राजनंदिनीनं, पाण्याची बाटली भरून दाराशीच ठेवली व्हती. तेरा वर्षांची हाय. बाबा गाल फुगवून उभे ऱ्हायले की हसायची. मला वाटलं व्हतं, किरिस्ताव लोकं धर्म बदलायला लावतील. दीर पण तसंच म्हणायचे. ह्यांना इचारलं तर म्हणले, सरांनी आजपर्यंत माझी जात बी इचारली न्हाई. नुसतं इचारतात, आज किती दिवस झाले.

महिपती: त्रेसष्ट.

निशा: तुम्हाला ध्यानात हाय.

महिपती: त्या दिवशी त्रेसष्टावा होता.

सत्यशीला: ताई, चहा गार होतोय. हे बघा, नव्या नव्यात असे पुष्कळ घसरतात. माझे मिस्टर सात वेळा घसरले. आठव्यांदा सुटली. सगळ्यांच्या नशिबात आठवी वेळ नसते. त्यात तुमचा दोष नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही.

निशा: माझा हाय. म्हणून तर आले. त्या रविवारी धनकवडीला ह्यांच्या कंपनीतल्या माणसाच्या पोराचं जावळ व्हतं. मी म्हणलं जाऊ नका. ते म्हणले, सरांना इचारलंय, जेवून लगेच निघायचं असं ठरलंय. दोन वाजता दार वाजलं. फटीतूनच वास आला मला. नऊ वर्षं तो वास काढलाय, बाई, मला डोळ्यांनी बघावं लागत न्हाई. मी दार उघडलं न्हाई. बाहेरून म्हणाले, थोडीच झालीय, त्यांनी हातात दिली, मला न्हाई म्हणता आलं न्हाई. पोरगी माझ्या मागं उभी व्हती. बाटली तिथंच व्हती दाराशी. मी घोट घेतला न्हाई. मी आतून म्हणलं, शुद्धीवर येईस्तोवर उंबऱ्यात पाय ठेवू नका. मेलात तरी मी बघायला येणार न्हाई.

महिपती: तुम्हाला राग येणारच, ताई.

निशा: राग सगळ्यांनाच येतो. मी म्हणलं ते, आणि पावणेसहाला पोलिसांचा फोन आला. बायपास वलांडताना टेम्पोनं उडवलं. टेम्पोवाला थांबला, त्यानंच दवाखान्यात नेलं. त्याचं म्हणणं, माणूस मधी येऊन उभाच ऱ्हायला. पोलीस म्हणले, पिलेला व्हता, अपघात. कागदावर अपघातच लिहिलाय. पण राजनंदिनी समद्यांसमोर बोलली. तेराव्याच्या दिवशी सासूबाईंना म्हणली, मम्मी म्हणाली मेलात तरी येणार न्हाई, म्हणून बाबा गेले.

सत्यशीला: लहान आहे. तिला काय कळतंय?

निशा: तेराव्या वर्षी समदं कळतं. परीक्षा झाली आणि दीर येऊन तिला गावाला घेऊन गेले. नळदुर्गच्या पुढं गाव हाय आमचं. म्हणले, हिच्या तोंडानं आमचा माणूस खाल्ला, पोरगी हिच्यापाशी ठेवायची न्हाई. मी भांडले असते. पण पोरगीच गाडीत जाऊन बसली. महिना झाला, फोनवर माझ्याशी बोलत न्हाई. आजी फोन धरते, मी इकडून हाका मारते, तिकडं नुसता टीव्ही ऐकू येतो. म्हणून मला इचारायचंय. माझ्या दारातून ते गेले आणि पाऊण तासानं त्यांनी तुम्हाला फोन केला. मी बोलले ते त्यांना लागलं व्हतं का? मरायचं असं काही बोलले का? खरं सांगा. असलं तर असलं. पण मला ठावं पायजे.

सत्यशीला: सर, सांगायचंय तेवढं सांगा. बेतानं.

महिपती: नाही, ताई. तो तुमच्यावर रागावला नव्हता. तुमचं ते वाक्य त्याने मला सांगितलं, जसंच्या तसं. आणि वर म्हणाला, सर, निशाचं बरोबर आहे. तिने दार लावलं ते बरं केलं. आत गेलो असतो तर पोरीने माझं तोंड पाहिलं असतं. म्हणाला, ती बोलते तशी, पण दिवे लागले की तिला राहवत नाही, सातला दार उघडेल. नऊ वर्षांत एकदाही रात्रभर बाहेर ठेवलं नाही तिने मला.

निशा: असं म्हणले?

महिपती: हेच शब्द.

निशा: सातला उघडणारच व्हते मी. भात टाकला व्हता त्यांच्या वाटचा.

महिपती: त्याला ते ठाऊक होतं.

सत्यशीला: झालं की मग, ताई. तुमच्या मनातला काटा गेला. हे मुलीला सांगा, सासूबाईंना सांगा. वाटलं तर पाळकसाहेब तुमच्या दिरांशी फोनवर बोलतील. मी तुम्हाला स्वारगेटपर्यंत सोडते, माझी गाडी आहे.

निशा: थांबा, बाई. सर, मग पुढं?

महिपती: पुढे?

निशा: एवढं बोलायला तीन मिनिटं लागतात. मोबाइलमध्ये अकरा हायेत. तुम्ही काय म्हणलात?

सत्यशीला: धीर दिला, आणखी काय? धीर द्यायलाच बसतो आम्ही इथे.

निशा: मग आठ वेळा परत का लावला त्यांनी? तीन वाजून चार मिनिटांनी एक, मग सहा मिनिटांनी, मग पुन्हा, साडेचारपर्यंत. आठ. एक पण उचलला न्हाई.

सत्यशीला: लाइन बिझी असेल. एकच तर फोन आहे.

महिपती: लाइन बिझी नव्हती.

सत्यशीला: सर.

महिपती: मी इथेच बसलो होतो, याच खुर्चीत. फोन वाजताना बघत होतो.

सत्यशीला: ताई, दोन मिनिटं बाहेर बसता का? मला सरांशी बोलायचंय.

निशा: न्हाई बाई. मी न्हाई उठणार.

सत्यशीला: बरं, मग यांच्यासमोरच बोलते. सर, आज या फोनवर चौदा माणसं तग धरून आहेत. त्यातले तिघे असे आहेत की एक दिवस फोन उचलला गेला नाही तर गुत्त्यात जाऊन बसतील. ही गोष्ट बाहेर गेली, कुणी पेपरात दिली, तर ही खोली बंद होईल. पाळकसाहेब काय म्हणाले तुम्हाला? प्रभूपाशी कबूल केलंत, रडलात, ते झाकलं गेलं. आता तोंडाला कुलूप. जिभेला लगाम घाला म्हणून आयुष्यभर शिकवलंत, तो लगाम आज घाला.

महिपती: दोन महिने घातलाच आहे. मला वाटत होतं तो लगाम आहे. पण एक तेरा वर्षांची मुलगी आपल्या आईशी बोलत नाही, कारण मी गप्प आहे. याला लगाम म्हणत नाहीत, सत्यशीलाबाई. मी लपलोय.

निशा: काय झालं त्या दिवशी?

महिपती: सांगतो. मधे थांबलो तर थांबू देऊ नका. आमचा तो उपवासकाळ होता, इस्टरच्या आधीचा. त्यातल्या चौथ्या रविवारी उपदेश माझ्याकडे होता. विषय मीच निवडला होता, संयम. आत्म्याचं फळ म्हणून शास्त्रात जे गुण सांगितलेत, त्यातला शेवटचा. दोनशे-सव्वादोनशे माणसं होती. मी चांगला बोललो. तसा मी बोलतोच चांगला, ताई, तेच तर माझं आहे. आणि शेवटी मी उत्तरेश्वरची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. म्हटलं, एक कामगार भाऊ, नऊ वर्षांचं व्यसन, आज त्रेसष्ट दिवस एक थेंब नाही, आणि कशाने? ना औषध, ना इस्पितळ. नुसत्या शब्दाने. रोजच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने. लोकांनी डोळे पुसले. बाहेर पडताना माझा हात धरून धरून सांगत होते, सर, प्रभूने तुमच्या वाणीत सामर्थ्य ठेवलंय. मी घरी जेवायलासुद्धा गेलो नाही. इथे येऊन बसलो, त्याच्या फोनची वाट बघत. वाटलं, त्याला सांगावं, तुझी साक्ष, तुझी गोष्ट, आज दोनशे लोकांनी ऐकली.

निशा: आणि ते पिलेले.

महिपती: पहिल्या शब्दाला कळलं मला. जीभ जड होती. रडत होता. तुमचं सगळं सांगितलं, ते मघाशी सांगितलं तुम्हाला. आणि मग म्हणाला, सर, मी धनकवडीच्या चौकात उभा आहे. समोर दुकान उघडं आहे आणि खिशात दीडशे रुपये आहेत. सात वाजेपर्यंत मला घर नाही. तुम्ही फक्त संध्याकाळपर्यंत बोला, सर. काहीपण बोला. शाळेत शिकवायचा ते बोला, पाढे म्हणा. तुमचा आवाज कानात असला की मी तिकडे जात नाही. तेवढं करा.

निशा: तेवढंच मागितलं?

महिपती: तेवढंच. चार तास. मला दुसरं काम नव्हतं, ताई.

निशा: मग?

महिपती: मला राग आला. तो प्यायला म्हणून नाही, प्यालेली माणसं रोजच फोन करतात. मला राग आला कारण त्याने मला खोटं पाडलं होतं. सकाळी मी वेदीपाशी उभा राहून त्याला जिंकलेला दाखवला, आणि दुपारी तो तोंडाला वास घेऊन रडतोय. मला सगळी मंडळी दिसायला लागली. ते हात धरणारे. आणि मी त्याला बोललो.

निशा: काय बोललात?

सत्यशीला: सर, शब्द नकोत. कडक बोललो, एवढं पुरे.

निशा: माझे शब्द समद्या गावाला पाठ झालेत, बाई. सासूबाई आल्यागेल्याला म्हणून दाखवतात. सर, काय बोललात?

महिपती: आधी म्हटलं, तुझ्यावर दोन महिने मी माझे शब्द वाया घालवले. तो म्हणाला, चुकलो सर. मी म्हटलं, तू चुकत नाहीस, तू आहेसच असा. कुत्र्याचं शेपूट. तो पुन्हा म्हणाला, संध्याकाळपर्यंत बोला. मग मी म्हटलं…

(महिपती कप बाजूला सरकवतात. टेबलावरचा चहा कुणीही घेतलेला नाही.)

निशा: तुम्ही म्हणला व्हता, थांबू देऊ नका.

महिपती: म्हटलं, बायकोने दार लावलं, आता मीही लावतो. तुझ्या पोरीला असला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. तिच्यावर उपकार कर. आणि परत या नंबरवर फोन करू नकोस.

निशा: पुन्हा म्हणा.

सत्यशीला: ताई, कशाला?

निशा: पोरीचं म्हणला ते. पुन्हा म्हणा.

महिपती: तुझ्या पोरीला असला बाप असण्यापेक्षा नसलेला बरा. तिच्यावर उपकार कर.

निशा: ते काय म्हणले त्याच्यावर?

महिपती: मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाला, 'बरं, सर.' आज्ञाधारक मुलगा म्हणतो तसं. मी फोन ठेवला.

निशा: आणि ते आठ?

महिपती: पहिला वाजला तेव्हा माझा राग तसाच होता. वाटलं, उचलला तर याहून वाईट बोलेन. म्हणून डोळे मिटून प्रार्थना करत बसलो. प्रभू, माझ्या तोंडावर पहारा ठेव. तो फोन करत होता आणि मी प्रार्थना करत होतो. दुसरा, तिसरा. पाचव्यापर्यंत राग उतरला होता, ताई. सहाव्याला मी उचलू शकलो असतो. पण तेव्हा लाज वाटत होती. काय बोलायचं हे सुचेना. उद्या शांतपणे बोलू, असं मनाशी म्हटलं. साडेचारला वाजायचा थांबला. मला हायसं वाटलं. हेही सांगतो. हायसं वाटलं.

निशा: तुम्ही उचलला असता तर—

महिपती: मला माहीत नाही. कदाचित तरीही प्यायला असता. टेम्पो तरीही आला असता. पाळकसाहेब मला हेच सांगतात, मृत्यूची वेळ आपल्या हातात नाही. मला एवढंच कळतं की तो तुमच्या दारातून निघाला तेव्हा सातला परत यायचं ठरवून निघाला होता. माझ्याशी बोलून झाल्यावर त्याला जायला जागा उरली नाही.

निशा: तुम्हाला कळलं कधी?

महिपती: मंगळवारी. चार ओळींची बातमी होती पेपरात. नाव होतं, वय होतं. नाव त्याने पहिल्याच दिवशी आपणहून सांगितलं होतं; तसं दुसरं कुणाचं असणार? मी पाळकसाहेबांकडे गेलो, सत्यशीलाबाईंना सांगितलं. त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही. उपदेशही केला नाही. लोकांना वाटतं घसा बसलाय. तुमचं घर शोधायला हवं होतं मी. कात्रज काही लांब नाही. दोनदा बसमध्ये बसलो आणि दोन्ही वेळा स्वारगेटलाच उतरलो.

सत्यशीला: मीच अडवलं त्यांना, ताई. हा माझाही दोष धरा. मला ही खोली वाचवायची होती. आणि खरं सांगायचं तर मघाशी तुम्ही दाराशी बोललेलं वाक्य सांगितलंत, तेव्हा माझ्या मनात आलं की बरं झालं, हिच्याकडेही काहीतरी दोष आहे. देवाने मला क्षमा करावी.

निशा: तुमचं राहू द्या, बाई.

महिपती: ताई, मी क्षमा मागत नाही. मागायची लायकी नाही. तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येतो. लिहून हवं असेल तर लिहून देतो, सही करतो.

निशा: लिहून काय करू? सासूबाईंना वाचता येत न्हाई. दीर वाचतील आणि म्हणतील, हिनं कुणाकडून तरी लिहवून आणलं. पोलीस काय करणार? बोलल्याचा गुन्हा असता तर मी आधी आत गेले असते.

सत्यशीला: मोबाइलवर रेकॉर्ड करून देतील सर.

निशा: नको. मोबाइलमधल्या आवाजाला काय, कुणाचा पण असतो. तुम्ही यायचं, सर. गावाला. सासूबाईंपुढं बसायचं आणि मला सांगितलं तसं समदं सांगायचं. ते माझ्यावर रागावले नव्हते ते. सातला दार उघडंल म्हणले ते. आणि तुम्ही काय बोलला ते.

सत्यशीला: ताई, तुम्हाला कल्पना आहे का? त्यांचं वय अडुसष्ट आहे. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय. मे महिन्याचं ऊन, आणि तिथे तुमचे दीर. उद्या त्यांनी हात उगारला तर?

निशा: उगारतील. मी न्हाई म्हणत न्हाई. भाऊ गेलाय त्यांचा.

महिपती: केव्हा निघायचं?

सत्यशीला: सर, विचार करा. दोन दिवस थांबा. पाळकसाहेबांना विचारा.

महिपती: त्यांना विचारलं तर ते प्रेमापोटी नको म्हणतील, आणि मी ऐकेन. केव्हा निघायचं, ताई?

निशा: हॉस्टेलात उद्याची सुट्टी सांगते. सकाळी सहाला स्वारगेटवरून सोलापूरची गाडी. तिथून नळदुर्ग. पुढं जीप मिळती, भरली की सुटती. दुपारी दोनपर्यंत पोचू.

महिपती: मी साडेपाचला येऊन उभा राहतो.

सत्यशीला: मीही येते मग बरोबर.

महिपती: तुम्ही आलात तर फोनवर कोण बसणार? तुम्ही इथे थांबा. चौदा जण आहेत. मात्र एक विचारायचं होतं, ताई. राजनंदिनीसमोर ते वाक्य म्हणू का? तिच्याबद्दलचं? तिला आयुष्यभर राहील ते. तिला बाहेर पाठवून मी मोठ्या माणसांना सांगेन.

निशा: तिच्यासमोरच म्हणायचं. माझं वाक्य तिनं ऐकलंय, रोज ऐकते. तुमचं बी ऐकू दे. दोन्ही ऐकून मग तिनं ठरवावं, माझ्याशी बोलायचं का न्हाई ते. मी तिच्यावर जबरदस्ती करणार न्हाई.

महिपती: बरं.

निशा: येते मी. पाचच्या आधी स्वयंपाकघरात पोचायला लागतं.

सत्यशीला: सोडते ना मी, ताई. ऊन आहे.

निशा: नको, बाई. चालते जरा. आणि सर, एक सांगायचं राहिलं. आत्ता बोलला तसं हळू बोलून तिथं चालणार न्हाई. सासूबाईंना ऐकू कमी येतं. एक एक शब्द मोठ्यानं सांगावा लागंल.